साठ दिवसांची उधारी आणि अकरा व्हॉट्सॲप ग्रुप

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मी ३४ वर्षांची, सांगली जिल्ह्यातली. सासऱ्यांबरोबर हळद दळण्याचा छोटा कारखाना चालवते. कोल्हापूर, कराड, साताऱ्याच्या दुकानांना महिन्याला दोनेक टन पावडर जाते, किलोला सरासरी १७० रुपयांनी. हळकुंडाचे पैसे अडत्याला पंधरा दिवसांत द्यावे लागतात. आता ऑनलाइन चौकशीतून सुरतेच्या एका व्यापाऱ्याने महिन्याला पाच टनांची मागणी केलीय, पैसे साठ दिवसांनी. शिवाय नवा माल पेठेत आलाय, तर वर्षाची हळकुंडं आत्ताच भरून ठेवावीत का, हेही ठरत नाही. आण्णा (सासरे) रोज सकाळी निजामाबादला, तेलंगणातल्या हळदीच्या मोठ्या पेठेत, फोन लावतात आणि 'थांब' म्हणतात. पुण्याचे धाकटे दीर म्हणतात, ४५ हजारांचा मार्केट रिपोर्ट मिळतो, तो घेऊ. मी अकरा व्हॉट्सॲप ग्रुपांत आहे, वायद्याचे भाव बघते, यूट्यूबवरचे तज्ज्ञ ऐकते. जो तो वेगळं सांगतो. माझ्याकडे माहिती कमी पडते, की मला ती कळत नाही? विश्वास ठेवायचा तरी कुणावर?

तुमचं मूळ पत्र चार पानांचं आहे. मी ते दोनदा वाचलं. 'माहिती' हा शब्द त्यात नऊ वेळा आलाय आणि 'आमच्या वह्या' एकदाही नाही. तिथूनच सुरुवात करते.

मी सत्तावीस वर्षं एका सहकारी बँकेत होते, त्यातली बरीचशी छोट्या उद्योगांच्या कर्जाच्या टेबलावर. एकदा पंपाची कास्टिंग करणाऱ्या एका कारखान्याची कर्जवाढ मी शिफारस करून वर पाठवली. ताळेबंद नीट, तारण नीट, शेजारच्या उद्योजकाचं चांगलं मतही होतं. सात महिन्यांत खातं थकलं. नंतर फाईल परत उघडली तेव्हा पान २३ ते ३४ वर कारखान्याची बारा महिन्यांची वीजबिलं लावलेली होती. युनिट दर महिन्याला उतरत गेलेले. शेवटच्या तीन महिन्यांत तर भट्टी पेटलीच नसावी एवढे कमी. ती बिलं मी पाहिली नव्हती असं नाही. मी पाहिली होती, पण 'भरलंय का' एवढंच. 'किती वापरलं' हे विचारलंच नाही. तेव्हा मला कुणी आणखी शंभर पानांची माहिती आणून दिली असती, तरी मी तिच्यावरही तीच खूण करून पुढे गेले असते.

तर 'विश्वास कुणावर ठेवू' हा तुमचा प्रश्न जरा बाजूला ठेवू या. त्यात असं गृहीत धरलंय की कुठेतरी एक खरं सांगणारा माणूस किंवा पडदा आहे, आणि तो तुम्हाला अजून सापडायचाय. मला तसं वाटत नाही. तुमच्या पत्रात दोन वेगळे प्रश्न आहेत आणि तुम्ही दोन्हींची उत्तरं एकाच ढिगात शोधताय. सुरतेचा माणूस पैसे देणारा आहे का, आणि त्याची उधारी तुम्हाला पेलेल का, हे बऱ्यापैकी शोधून काढता येतं. हळद ऑगस्टमध्ये काय भावाने जाईल, हे कुणालाच शोधता येत नाही. यूट्यूबवरच्या त्या टाय घातलेल्या गृहस्थांनाही नाही.

शोधता येण्यासारखा प्रश्न आधी घेऊ. खर्च जवळजवळ शून्य आहे.

सुरतेच्या पेढीचा जीएसटी नंबर मागा. न देणाऱ्याशी पुढे बोलायचं कारण नाही. नंबर पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे: गुजरातला २४, आपल्याला २७. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. म्हणजे सगळ्या नंबरातलं सहावं अक्षर पाहा. ते 'पी' असेल तर धंदा एका व्यक्तीच्या नावावर आहे, 'एफ' असेल तर भागीदारी, 'सी' असेल तर कंपनी, 'एच' असेल तर एकत्र कुटुंब. फोनवर 'आमची कंपनी, आमची कंपनी' चाललंय आणि सहावं अक्षर 'पी' आहे, तर तो गुन्हा नाही. पण पैसे बुडाले तर मागायचे कुणाकडे, हे त्या एका अक्षराने सांगितलेलं असतं. मग जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर करदाता शोधायच्या जागी तो नंबर टाका. लॉगिन लागत नाही. नोंदणी कधीची, चालू आहे की रद्द, पत्ता कुठला, धंद्याचा प्रकार काय, हे दिसतं. खाली विवरणपत्रं भरल्याचा तक्ता उघडतो. तिथे जरा थांबा. दर महिन्याचं विवरण वेळेवर भरणारा माणूस आणि तीन-तीन महिने साचवून भरणारा माणूस, यांच्या हातातल्या पैशाची गत निराळी असते. त्याने तुम्हाला 'वीस वर्षांची पेढी' सांगितली आणि नोंदणी सहा महिन्यांपूर्वीची निघाली, तर लगेच ठग समजू नका. मुलाच्या नावाने नवी फर्म काढली असेल. पण विचारा, आणि तो काय उत्तर देतो यापेक्षा किती चटकन देतो ते ऐका.

दुसरं, अन्न परवाना. मसाला विकणाऱ्याकडे एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर हवाच, आणि तोही त्यांच्या पोर्टलवर पडताळता येतो. तिसरं, ई-कोर्ट्स, म्हणजे न्यायालयांचं सरकारी संकेतस्थळ. राज्य, जिल्हा, न्यायालय निवडून पक्षकाराचं नाव आणि वर्ष टाकलं की दाखल खटले दिसतात. चेक न वटल्याचे, म्हणजे कलम १३८ चे खटले त्याच्यावर किती, ते बघायचं. नावं सारखी असतात, म्हणून पत्ता जुळवल्याशिवाय कुणाला आरोपी करू नका.

आणि तुमच्या बँकेत जाऊन सांगा की सुरतेच्या पेढीच्या बँकेकडून गोपनीय अभिप्राय मागवा. छोट्या उद्योजकांना हे ठाऊकच नसतं. उत्तर येतं ते फार सभ्य भाषेत. अशी पत्रं मी स्वतः लिहिलेली आहेत. 'व्यवहार समाधानकारक' लिहिलं की आम्हाला खरंच समाधान असायचं. 'खाते अमुक सालापासून आमच्याकडे आहे' एवढंच लिहून सही केली, तर वाचणाऱ्याने ओळखून घ्यावं.

एवढं सगळं पडद्यावर आणि कागदावर झालं. पण मला विचाराल तर या कामात सगळ्यात जास्त ठाऊक असतं ते ट्रान्सपोर्टच्या गादीवरच्या कारकुनाला. सुरत लाईनच्या गाड्या भरणारं ट्रान्सपोर्ट सांगली-मिरजेत असेलच. तिथे जाऊन भाडं विचारा, आणि बोलता बोलता त्या पेढीचं नाव काढा. कुणाचा माल येताच उतरवून घेतला जातो, कुणाचा दोन दिवस गाडीत पडून राहतो, कुणाकडून पोती 'माल खराब' म्हणून परत येतात, हे बिल्टी (मालाची पावती) लिहिणाऱ्याला तोंडपाठ असतं. हे ज्ञान कुठल्याही पोर्टलवर येणार नाही. आण्णांना सोबत न्या. अशा ठिकाणी पांढऱ्या टोपीला पहिला चहा मिळतो, आणि चहाबरोबर बाकीचं.

आता त्या साठ दिवसांकडे या. तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, असेल आणि तुम्ही सूक्ष्म किंवा लघु उद्योगात मोडत असाल, तर २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे खरेदीदाराने ठरलेल्या मुदतीत, आणि करारात काहीही लिहिलं तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्यागणिक चक्रवाढ व्याज. वर १ एप्रिल २०२४ पासून आयकरात असं झालंय की मुदतीबाहेर थकवलेली रक्कम खरेदीदाराला प्रत्यक्ष देईपर्यंत खर्चात धरता येत नाही. मोठ्या उलाढालीच्या व्यापाऱ्याच्या सीएला हे पाठ असतं. तरीही हा माणूस साठ दिवस म्हणतोय. याचा अर्थ एकतर त्याला तुमची उद्यम नोंदणी माहीत नाही, किंवा त्याला त्याचं काही वाटत नाही. फोन करून एवढंच सांगा, 'आमची उद्यम नोंदणी आहे, ४५ दिवसांच्या आत बसवावं लागेल.' पलीकडून जे येईल, ते तुमच्या दिरांच्या रिपोर्टापेक्षा मोलाचं असेल.

तो प्रामाणिक निघाला तरी पेलायचं कसं, हा हिशेब उरतोच. महिन्याला पाच टन, साठ दिवस उधारी, म्हणजे कायम किमान १० टन पावडर त्याच्याकडे अडकलेली. १७० ने १७ लाख. आणि तिसऱ्या महिन्याची गाडी पहिल्या गाडीचे पैसे यायच्या आधी निघाली, तर साडेपंचवीस. अडत्या मात्र पंधराव्या दिवशी दारात. हे १७ लाख कुठून येणार, याचं उत्तर निजामाबादलाही नाही आणि यूट्यूबवरही नाही. ते तुमच्या तीन वर्षांच्या बिलांत आहे. कोल्हापूरचं कुठलं दुकान किती दिवसांनी पैसे देतं, याची यादी कधी काढलीय? एक दुपार बसा. ग्राहकाचं नाव, बिलाची तारीख, पैसे आल्याची तारीख, मधले दिवस. पहिल्यांदा यादी केली की बहुतेकांना एक धक्का बसतो. ज्याला आपण सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणून खुर्ची देतो, तोच आपल्या पैशावर धंदा करत असतो.

आता शोधता न येणारा प्रश्न. भावाची माहिती निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. ती वाचायची कशी, एवढंच बोलू.

बाजार समितीचे रोजचे दर कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर असतात, केंद्र सरकारच्या अ‍ॅगमार्कनेटवरही असतात. चार रकाने महत्त्वाचे: आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर. तुमच्या ग्रुपांवर फिरतो तो नेहमी कमाल. पण कमाल दर एखाद्याच्या पाच निवडक पोत्यांना मिळालेला असू शकतो. आवकेकडे बघितल्याशिवाय कमालकडे बघायचं नाही, असा नियम घालून घ्या. शिवाय हळद म्हणजे एक वस्तू नाही, हे तुम्हाला मी काय सांगणार! सांगलीची राजापुरी वेगळी, हिंगोली-वसमतकडची सेलम वेगळी, दुसऱ्या पेठांतून येणारा परपेठ माल वेगळा. हळकुंड, गड्डा आणि कणी यांचे भाव तर शेजारी ठेवूच नयेत. एनसीडीईएक्स या शेतमालाच्या वायदेबाजारातला हळदीचा वायदा, म्हणजे पुढच्या तारखेचा सौदा, निजामाबाद केंद्र धरून चालतो. तो चढला म्हणून तुमच्या दुकानदारांना लागणारी राजापुरी त्याच दिवशी तेवढीच चढेल असं नाही. वायद्यावरून वारा कुठला ते कळतं. तुमच्या अंगणात पाऊस किती पडेल ते नाही.

ग्रुपांबद्दल एक विचारते. अकरा ग्रुपांत 'तेजी येणार' असं रोज लिहिणारे किती जण आहेत, आणि त्यांतल्या किती जणांची गोदामं भरलेली आहेत? ज्याचं गोदाम भरलंय तो तेजीच सांगणार, ज्याला भरायचंय तो मंदी. खोटं बोलतात असं नाही. माणसाला जे हवं असतं तेच त्याला दिसायला लागतं. पूर्वी काही पेठांत रुमालाखाली बोटं दाबून सौदे व्हायचे, म्हणजे शेजारच्याला भाव कळू नये. बाजार समित्यांच्या कायद्याने उघडे लिलाव आणले. रुमाल गेला, पण हेतू झाकायची सवय कुठे जाते?

२०२३ चं साल आठवा. उन्हाळ्यात सात हजार रुपये क्विंटलच्या आसपास रेंगाळणारी हळद ऑगस्टपर्यंत दुपटीच्या वर गेली. लागवड घटल्याच्या बातम्या, पावसाची ओढ, सगळं नंतर नीट समजावून सांगता आलं. त्या एप्रिलमध्ये छातीठोकपणे दुप्पट सांगणारं कुणी तुमच्या ग्रुपात असेल, तर त्याचं नाव मला कळवा. मी त्याला या सदरात बोलावते.

म्हणून साठ्याचं उत्तर भावाच्या अंदाजातून काढू नका, गरजेतून काढा. आजच्या गिऱ्हाइकांना वर्षाला २४ टन पावडर लागते. सुरतेची ऑर्डर घेतलीत तर आणखी ६० टन. म्हणजे २४ आणि ८४ यांतला कुठला आकडा खरा, हे ठरल्याशिवाय 'किती भरू' हा प्रश्न विचारताच येत नाही. आधी सुरत, मग साठा. दोन्ही एकत्र घोळवल्यामुळे तुम्हाला रात्री झोप लागत नाहीये. सुरतेला तूर्त नाही म्हणालात, तर २४ टनांची गरज तीन हप्त्यांत भरा: एक आत्ता आवक जोरात असताना, एक पेरण्या उरकून लागवडीचा अंदाज बाहेर आल्यावर, एक दिवाळीच्या तोंडावर. सगळ्यात कमी भाव कधीच मिळणार नाही. सगळ्यात जास्त भावात सगळी खरेदी, हेही होणार नाही. तुमच्या आकाराच्या धंद्याला मी एवढंच मागते.

दिरांच्या रिपोर्टाबद्दल. मी असे रिपोर्ट कर्जाच्या फायलींत पुष्कळ पाहिलेत. जगाची हळदीची बाजारपेठ अमुक टक्क्यांनी वाढणार, हे वाक्य कराडच्या दुकानदाराला दोन पोती जास्त विकायला उपयोगी पडत नाही. तरी थेट नकार देऊ नका, घरातली गोष्ट आहे. दिरांना म्हणा, विकत घ्यायच्या आधी त्या लोकांकडून अनुक्रमणिका आणि 'पाहणी कशी केली' ते पान मागवा: किती व्यापाऱ्यांशी बोलले, कुठल्या गावांत, कधी. ते पान आलं नाही किंवा त्यात सांगलीचं नावच नसलं, तर विषय आपोआप मिटेल. तोवर दिरांना दुसरं काम द्या. राज्याचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय दर जिल्ह्याचं 'सामाजिक व आर्थिक समालोचन' काढतं, फुकट मिळतं. कुठल्या तालुक्यात लोकवस्ती किती, बँका किती, बाजार कुठे, सगळं त्यात असतं. नवं गाव विक्रीला निवडताना मी तरी तेच उघडून बसेन. एक्सेलवाल्या माणसाला ते आवडेल.

आणि ही सगळी यादी फक्त हळदवाल्यांसाठी आहे असं समजू नका. मला दर आठवड्याला बेकरीवाले, शिलाईवाले, बेदाण्याच्या पेट्या भरणारे लिहितात. घोळ साधारण हाच असतो: न कळणाऱ्या भविष्याची माहिती गोळा करण्यात दिवस जातो आणि कळू शकणारा समोरचा माणूस तपासायचा राहून जातो.

शेवटी आण्णा. तुमच्या पत्रात एक वाक्य आहे: 'ते फोनवर अर्धा तास इकडच्या तिकडच्या गप्पा मारतात, मग एका मिनिटात भाव विचारतात.' मला यातला अर्धा तास महत्त्वाचा वाटतो. निजामाबादचा माणूस त्यांना भाव फुकट सांगत नाही. आण्णा त्याला सांगलीची आवक सांगतात, इथला पाऊस सांगतात, कुठला खरेदीदार बुडाला ते सांगतात. पेठेत बातमीची किंमत बातमीनेच चुकती होते. तुम्ही अकरा ग्रुपांत नुसत्या वाचता. देत काहीच नाही, म्हणून तुमच्या वाट्याला सगळ्यांना पाठवलेलं तेवढंच येतं.

आण्णा पोत्यातलं हळकुंड काढून कानाशी मोडतात का? जुनी माणसं मोडतात. नीट वाळलेलं हळकुंड धातूसारखा खणकन आवाज करून तुटतं. ओल असलेलं नुसतं वाकून चिरतं. मग आतला रंग बघतात, नखाने खरवडतात. प्रयोगशाळेचा ओलाव्याचा अहवाल हवाच, पण तो चार दिवसांनी येतो, आणि लिलाव चार मिनिटांत संपतो. ते कान त्यांच्यानंतर कुठे मिळणार, हे त्यांना आत्ताच विचारून शिकून घ्या.

मात्र आण्णांचं 'थांब' हेसुद्धा तपासून घ्यायचं. एक दोनशे पानी वही आणा. रोज एकच ओळ: तारीख, कोण म्हणालं, काय म्हणालं. 'आण्णा: पंधरा दिवस थांब, उतरेल.' 'अमुक ग्रुप: तेजी पक्की.' 'यूट्यूब: वीस हजार.' 'मी: मला वाटतं स्थिर.' हो, स्वतःचीही ओळ. महिन्याने समोर लिहायचं, काय झालं. दिवाळीपर्यंत तुम्हाला दिसेल की आण्णांचं आवकेबद्दलचं बोलणं बहुतेक खरं ठरतं पण वायद्याबद्दलचं नाही, किंवा उलट. ग्रुपांतले सात-आठ तर वही न संपताच गळून पडतील.

वही आण्णांच्या समोर ठेवूनच लिहा, आणि त्यांच्या ओळीची चूक निघाली त्याच दिवशी तुमच्याही एका चुकीवर बोट ठेवा. चोरून लिहिलीत आणि त्यांना सापडली, तर निजामाबादचा फोन दुसऱ्या दिवसापासून अंगणात जाऊन होईल.